दोन गाठींचे तामाल

चोलुला,
५ फेब्रुवारी १९९३

प्रिय ओतिलियाताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. आम्ही सगळे खाऊनपिऊन सुखी आहोत (खाण्याबद्दल सविस्तर खाली येईलच). तिहुआनात तुम्ही सुखरूप असाल आणि भाऊजींची पाठ आता सरळ झाली असेल असं धरून चालतो.

पत्रास कारण, माझ्यावर झालेला घोर अन्याय. कांदेलारियाच्या जेवणात मी एकोणीस तामाल खाल्ले, असं पेत्रामावशीने तुला फोनवरून कळवलं म्हणे. तेही भर दिवसा, ट्रंककॉलच्या पूर्ण दराने. हे विधान सर्वथैव असत्य आहे. मी चौदा खाल्ले. सव्वीस वर्षं पोरांना लॅटिन व्याकरण शिकवणाऱ्या माणसाची निंदा करायची तर खुशाल करावी, पण आकडा तरी शुद्ध असावा. या प्रमादाची तू नोंद घ्यावीस आणि मावशीला समज द्यावीस, ही नम्र विनंती.

आता घडलं ते क्रमाने सांगतो. यंदा सहा जानेवारीच्या गोल पावात बाळ येशूची इवली बाहुली माझ्याच तुकड्यात निघाली. ती गिळून टाकावी असा मोह मला झाला होता, पण तुझी भावजय रेमेदिओस समोरच बसली होती. ती म्हणाली, "गाल का फुगलाय तुमचा? काढा बाहेर." म्हणजे रिवाजाप्रमाणे दोन फेब्रुवारीचं, कांदेलारियाच्या सणाचं जेवण आमच्या गळ्यात आलं. आईला मात्र आनंदाचं भरतं आलं. "बाहेरून एकसुद्धा आणायचा नाही. तामाल मी करणार," तिने जाहीर केलं. तिची मक्तेदारी तुला ठाऊकच आहे. सबंध आळीत तामालच्या पिठासाठी कोणाची चरबी किती फेसली गेली हे ती उंबऱ्यावरून नुसत्या वासाने सांगते.

मंगळवारी टेबलावर टोपल्या आल्या आणि ताई, तामालवरची मक्याच्या कणसाची ती वाफाळलेली पानं उलगडताना मी पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा गृहस्थ उरलो नाही. पहिला एका गाठीचा, मोले आणि कोंबडीचा. पीठ इतकं हलकं, की जिभेवर ठेवल्यावर ते आहे की गेलं याचा तपास करावा लागावा. मोलेच्या त्या काळ्या-तांबड्या, मसालेदार रश्शाची धार मनगटापर्यंत आली, ती मी कोणी बघत नाहीसं पाहून चाटली. मग दुसरा, मग तिसरा. वर प्यायला दालचिनी घातलेलं, मक्याच्या पिठाचं गरम आतोले. त्या वेळी मला कोणी मोक्ष देऊ केला असता, तर मी त्याला टोपली रिकामी होईपर्यंत थांबायला सांगितलं असतं.

चौथा दोन गाठींचा घेतला. आपल्या घरचा शिरस्ता तुला सांगायला नको: एक गाठ मोले, दोन गाठी हिरवी मिरची आणि चीज, आणि गाठच नाही तो गोड, गुलाबी, बेदाण्यांचा. पन्नास वर्षांत आईची गाठ कधी चुकलेली नाही. मी पान उलगडलं. आत गुलाबी पीठ. त्यात बेदाणे. आणि बेदाण्यांच्या मधोमध मिरचीच्या लांब लांब फोडी आणि चीज.

मी पान पुन्हा मिटलं. पाचवा उघडला. तोही तसाच.

आई त्या वेळी टेबलाच्या टोकाला बसून पाहुण्यांना सांगत होती, "पिठाची गोळी पाण्यात टाकायची. तरंगली तर बरोबर. आजकालच्या पोरींना एवढाही धीर नाही." सगळे हसत होते, तीही हसत होती. आणि पेत्रामावशीने दोन गाठींच्या टोपलीकडे हात नेला.

"मावशी, तो माझा!"

"तुझा? नाव लिहिलंय का त्यावर?"

"आज दोन गाठींचे सगळे माझे. बाहुली मला निघाली, यजमान मी."

"अगं बघा गं, कसा बोलतोय! यजमान आहेस की धान्याची कणगी?"

टोपली मी मांडीवरच घेतली. उघडून मिटलेले दोन धरून आत अकरा होते. ते मी सगळे खाल्ले. बेदाणे आणि मिरची यांचा संसार पहिल्या चार घासांत फार कष्टाचा वाटतो. पण खोटं कशाला सांगू, सातव्यानंतर त्यांचं बऱ्यापैकी जमलं. पाहुणे मोजायला लागले. दहाव्याला टाळ्या पडल्या. "हळू घ्या," रेमेदिओस म्हणाली, "तुम्हाला उचलायला घरात माणसं नाहीत." आई मात्र खुशीत होती. "खाऊ दे गं त्याला. लहानपणापासून दोन गाठींवरच जीव आहे त्याचा." (माझा जीव एका गाठीवर होता, ताई. दोन गाठींवर तुझा होता.)

पश्चात्तापाचं वर्णन थोडक्यात करतो. बुधवारी शाळेत गेलो नाही. मुख्याध्यापकांना निरोप पाठवला की प्रकृती अस्वस्थ आहे. त्यांनी उलट निरोप पाठवला की आकडा त्यांच्या कानावर आला आहे. दिवसभर आरामखुर्चीत आडवा पडून मी सगळ्या संतांना नावानिशी हाका मारल्या. रेमेदिओस कॅमोमाइलचा काढा घेऊन आली आणि पेला हातात देता देता म्हणाली, "भांडी मी घासली. पानंही मीच गोळा केली. दोन गाठींच्या पानांना गुलाबी पीठ चिकटलं होतं."

मी काढा फुंकत राहिलो.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नाताळपासून," मी म्हणालो. तिने माझ्या पोटावर पांघरूण ओढलं आणि ती गेली.

मग आई आली. "बावन्न वर्षांचा घोडा आणि खाण्याची ही तऱ्हा!" असं म्हणत तिने माझ्या पोटाला तेल चोळलं, आपण लहान असताना चोळायची तसंच, बेंबीभोवती गोल गोल. मध्येच हात थांबला.

"दोन गाठींचे कसे झाले होते रे?"

"उत्तम."

"एकही उरला नाही?"

"एकही नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला काय कळलं आणि काय नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

गेल्या तीन पत्रांत तू विचारलंस, आई कशी आहे? आणि तिन्ही वेळा मी 'ठणठणीत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. फोनवर बोललो नाही, कारण फोन बैठकीत आहे आणि ती त्याच्या शेजारीच बसते. आज मात्र लिहितो. काल पुन्हा शाळेत गेलो होतो. दोन वाजता घरी आलो तर ओट्यावर वाफवायचं मोठं पातेलं चढवलेलं. तुम्हा सगळ्यांना पाठवायला म्हणून तिने नवे तामाल लावले होते. तळाशी पाण्यात आपण नाणं टाकतो ना, ते वाजेनासं झालं की पाणी संपलं असं समजायचं? ताई, ते नाणं कधीच गप्प झालं होतं. पातेल्याचा तळ लाल झाला होता, पानांचा कोळसा होत होता, आणि आई हातभर अंतरावर घेवडा निवडत, गुणगुणत बसली होती. मला बघून म्हणाली, "एवारिस्तो, काही जळतंय का रे कुठे?"

रेमेदिओस तीनपर्यंत दुकानात असते, मी दोनपर्यंत शाळेत. तोवर घरात आई आणि शेगडी दोघीच असतात. चुकलेले तामाल मी कितीही खाईन, पण या वेळेचं काय करायचं ते मला कळत नाही. मला फार भीती वाटते आहे. तू ये.

तुझा,
'ठणठणीत' हा शब्द परत घेणारा
एवारिस्तो