तुरीचा अर्धा डाव

रवि. २ फेब्रु.

मिलिंद-स्वातीकडे, मोशीला. जेवून दुपारी तुरी मांडली. पोचेपर्यंत केदारशी दोन भांडणं, एक पार्किंगवरून, दुसरं कशावरून ते आता आठवत नाही. नवरा असा की खेळात पोलीस झाला तरी आधी मलाच पकडतो.

राजूने नवीन पट छापून आणलाय. दुकानात शिवजयंतीच्या फ्लेक्सचा ढीग पडलेला आणि हा गडी आमचा पट छापत बसलेला. वर मोठ्या अक्षरात 'हातावर तुरी'. खाली निगडी ते चाकण, देहू ते आळंदी सगळे रस्ते, मध्ये इंद्रायणी निळीशार. मोशीच्या गोलात 'घर' लिहिलंय. फरारी घरी पोचला की जिंकला, म्हणून आम्ही चौघं कायम त्याच रस्त्यावर ठाण मांडून.

फरारी अर्थात मिलिंद. त्याच्याशिवाय कोणाला जमतच नाही. डोळे दिसू नयेत म्हणून कंपनीची टोपी भुवयांपर्यंत ओढतो. मनातल्या मनात चालतो, मध्येच 'दर्शन' देतो, म्हणजे असेल त्या गोलात सोंगटी म्हणून आपला काळा वायसर ठेवतो. कधी लबाडी केली नाही पठ्ठ्याने. मग चिठ्ठ्या. आम्हा चौघांत एक फितूर, आतून फरारीला सामील. मला 'पोलीस' आली. वाचली, बशीखाली ठेवली.

नदीच्या नियमावरून परत वाद. सगळे रस्ते बंद झाले तर फरारी नदीत उतरू शकतो, मग डाव कोणाचाच नाही. नियम मिलिंदचाच. राजू म्हणे, "ह्यो काय नियम हाय व्हय? आमी एवढं घेरायचं आन ह्यो बुडी मारनार." एरवी मिलिंद यावर दहा थापा ठोकून देतो. आज नाही. चहाच्या कागदी कपाची कड उलगडत बसला होता, चाल सुचत नसली की करतो तसं.

मग भोसरीवर वायसर ठेवला, टोपी काढून खुर्चीवर ठेवली, "आलोच" म्हणाला आणि स्लिपरवर खाली गेला.

आम्हाला वाटलं ही नवी थाप. बराच वेळ हसत होतो. फोन तसाच चार्जिंगला.

सोम. ३

आला नाही.

स्वाती कंपनीत जाऊन आली. नवऱ्याने घरी काही सांगितलं नव्हतं, ते तिला गेटवर कळलं. शुक्रवारी त्याच्या लाइनवर गायकवाड मामांचा हात प्रेसमध्ये गेला. बोटं गेली. मामा मिलिंदच्याच गावचे, लातूरकडचे, त्यानेच इथे आणून चिकटवलेले. हात मध्ये आला की प्रेस थांबवतो तो सेन्सर बंद करून ठेवला होता. शिफ्ट मिलिंदची. "आजचा लॉट निघू दे, उद्या बघू," असं म्हणाला होता म्हणे. सगळेच म्हणतात. रोज म्हणतात. ह्या वेळी...

चौकीत तक्रार दिली. हवालदार म्हणाले, मोठा माणूस आहे, येईल.

काल दुपारी तो माझ्यासमोर चहा पीत बसला होता. मला काही म्हणजे काही कळलं नाही. चेहरे वाचण्यात मी पटाईत, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

बुध. ५

मिलिंदची आई आल्या लातूरहून.

पट टेबलावर तसाच, चिठ्ठ्या बशांखाली तशाच. अर्धवट डावाच्या चिठ्ठ्या उघडायच्या नाहीत, हा आमचा पहिल्यापासूनचा दंडक. उचलायची कोणाची छातीही झालेली नाही.

राजू पटाकडे बघत म्हणाला, "वहिनी, आपुन ह्याला इतक्या वेळा धरलाय. डोकं त्याचंच हाय, रस्ते बी हेच. हितंच बसून हुडकू." वेडेपणा वाटला, पण बसलो. फोन नाही, गाडी नाही, पायात स्लिपर. भोसरीहून कुठे जाईल? जिथे कोणी नाव विचारणार नाही आणि जेवायला बसवतील. आळंदी. चौघांचं एकदम एकमत. खेळात कधी होत नाही.

घाटावरच्या चहावाल्या मावशींनी फोटो लगेच ओळखला. "आत्ता तर हितं बसलं व्हतं की. अंगात स्वेटर न्हाई, म्हनून मीच चहा दिला." बाकावर कागदी कप, कड पूर्ण उलगडलेली. कप पर्समध्ये घालून आणला. का, माहीत नाही.

परत आलो तर वायसर आळंदीवर. स्वातीला वाटलं मी ठेवला, मला वाटलं राजूने. राजू म्हणाला, "मी तर तुमच्यासंगच आलो की."

शुक्र. ७

सकाळीच स्वातीचा फोन. "तू काल जाताना वायसर हलवलास का गं?" नाही. "चाकणवर आहे."

के. म्हणाला, आईंच्या हातून पुसताना सरकला असेल. आईंना विचारलं. "मी कशाला हात लावू त्या खेळाला." पुसताना सरकलेला वायसर बरोबर गोलात कसा बसतो, हे फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने विचारू नये बहुतेक.

तरी गेलो चाकणला. त्याच्या कंपनीसमोरच्या टपरीपाशी उभा होता, वॉचमन म्हणाला. गेटकडे बघत. शिफ्टच्या बस आत गेल्या तसा चालू लागला. "तुम्ही थोडं आधी यायला पाहिजे होतं, साहेब." टपरीवर कप मिळाला, तसाच.

येताना गाडीत डोक्यात तेच चाललं होतं. आपण निघतो आणि तो उठतो. त्याला सांगतंय कोण? मला फितूर आठवला. राजूकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे आम्हा सगळ्यांच्याच मनात लख्ख पडलंय.

रवि. ९

आठवडा झाला. आज तुरी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रविवारी दुपारी काय करायचं ते कळेना, म्हणून दवाखान्यात गेले, मामांकडे. हात कोपरापर्यंत बांधलेला. म्हणाले, "त्याला म्हणावं, माजी बोटं गेली, तेवढंच गेलं. तू कशाला जाऊलालास?"

निरोप चांगला आहे. द्यायचा कुठे?

मामी म्हणाल्या, एकदा वॉर्डाच्या दारापर्यंत आला होता. त्यांनी हाक मारली तसा वळला आणि गेला.

मंगळ. ११

वायसर देहूवर. आम्ही यावेळी शहाणपणा केला. गाडी लांब लावली, चौघं चार बाजूंना, बोलणं नाही, फोन सायलेंट. दिवसभर उन्हात उभे. तो आलाच नाही. शेवटी चहा घ्यायला कोपऱ्यावर गेलो, तिथे बाकावर तसाच उलगडलेला कप होता. आमच्याकडे तोंड करून बसलेला असणार तो. आम्ही त्याला शोधत होतो तेव्हा तो आम्हाला बघत होता.

घरी आल्यावर के.चा तोल गेला. स्वातीला म्हणाला, "तुला माहितीये तो कुठे आहे. तूच सांगतेस त्याला." स्वाती रडली नाही, ओरडली नाही. "माहीत असतं तर त्याच्यापाशी गेले असते, तुमच्याबरोबर कशाला फिरले असते?" के. खजील. मला त्याची लाज वाटली आणि माझीही, कारण मीही तेच मनात धरून होते.

आईंनी विचारलं. "तुमी त्याला हुडकलालाव का धरलालाव?"

राजू चप्पल घालून निघून गेला.

गुरु. १३

वायसर नदीवर. कुठल्याच गोलात नाही, कुठल्याच रस्त्यावर नाही. मोशीच्या वरच्या अंगाला, निळ्या पट्ट्यात.

वाकून बघितला. ओला नव्हता. ओला असेल असं मला का वाटलं?

भीती वाटतेय. आजवर काळजी होती, आज भीती आहे. के.ला सांगितलं तर तो म्हणाला, "मला पण." तो असं कधी म्हणत नाही, म्हणून आणखीच.

शनि. १५

लिहायला हात वळत नाही, पण लिहून काढते.

बेत राजूचा. नाशिक रोडचा पूल त्याने घेतला. के. देहूच्या बाजूला, स्वाती आळंदीच्या. नदीवरून मोशीत चढणारी पायवाट माझी. कुठूनही निघाला तरी आमच्यापैकी कोणाच्या तरी हाती लागणार. इतकी चोख नाकाबंदी पटावर कधी जमली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक वाटत होतं.

ऊन उतरताना दिसला. अगदी पाण्याशी, जलपर्णीच्या कडेला. त्या रविवारचाच चेक्सचा शर्ट. स्लिपर हातात. पाण्यावरून पांढरा फेस चालला होता, आवाज न करता. मी हाक मारली नाही. राजूला फोन लावून "दिसला" एवढंच म्हणाले.

त्याने मान वर केली. पुलाकडे बघितलं. मग देहूकडे. आळंदीकडे. मग माझ्याकडे. त्या बघण्यात ओळख नव्हती. रागही नव्हता. टोपीखालून तो असाच बघत असणार इतकी वर्षं, आम्हाला ते डोळे कधी दिसलेच नव्हते. सगळे रस्ते बघून झाले आणि त्याने पाण्याकडे तोंड केलं.

तेव्हा मला नियम आठवला. आणि मी कुठे उभी आहे तेही कळलं. घराच्या रस्त्यावर. त्याला परत आणायला निघालेले आम्ही, आणि घराचाच रस्ता अडवून उभे. सवय, दुसरं काय.

मी वाटेतून बाजूला झाले. फोन बंद केला. पाठ फिरवली आणि बांधावरून उलट्या दिशेने चालत सुटले. मागे बघितलं नाही. पाण्याचा आवाज येतो का, ते ऐकत होते. आला नाही. म्हणजे मला ऐकू आला नाही.

राजू धावत आला तेव्हा काठावर कोणी नव्हतं. "वहिनी, तुमी सोडला त्याला?" हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. चौकीला कळवलं, अग्निशमनवाले आले, गळ टाकून पाहिले. काही लागलं नाही. पायवाटेवर ठसे होते, पण ती वाट सगळ्या गावाची आहे. घरीही आला नव्हता.

स्वाती माझ्याकडे बघायला तयार नाही. के. गाडीत एवढंच म्हणाला, "तू फितूर होतीस का गं त्या दिवशी?"

रवि. १६

मोशीलाच बसून लिहितेय, त्यांच्या टेबलाशी. मी येणार नव्हते. स्वातीने स्वतः फोन करून बोलावलं.

नदीवर आजही माणसं शोधतायत. आईंनी मात्र आम्हाला जाऊ दिलं नाही. सकाळपासून दार सताड उघडं. "आज कुनी भाईर जायचं न्हाई. त्याच्या वाटंवर कुनी नको." राजूने दुकान बंद ठेवलंय. आईंनी पिठलं-भाकरी केली, सहा ताटं घेतली. सहावं झाकून ठेवलंय.

वायसर पटावर नाही. टेबलाखाली नाही, सोफ्याखाली नाही. कोणी फार शोधलाही नाही.

जेवणं झाल्यावर स्वाती म्हणाली, दंडक गेला चुलीत, उघडा चिठ्ठ्या. राजूची, पोलीस. के.ची, पोलीस. स्वातीची, पोलीस. माझी बशी मीच उचलली.

फितूर.

ह्याच वहीचं दोन तारखेचं पान काढून वाचलं. 'पोलीस आली' असंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. स्वातीकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. "बरं झालं," म्हणाली, "कोणीतरी होतं त्याच्या बाजूचं." तिने बदलली असेल. नसेल. विचारलं नाही, आणि विचारणारही नाही बहुतेक.

के.ने माझ्या डाव्या हातावर हात ठेवलाय, उजवा मोकळा आहे म्हणून लिहिता येतंय.

जिन्यात स्लिपर वाजतायत. वरच्या मजल्यावरचे काका असतील, तेही स्लिपरच घालतात. सावकाश चढतंय कोणीतरी. राजूने पटावरची बशी बाजूला केली, भोसरीवरची.

खालच्या वळणावर आवाज थांबला. थांबूनच आहे.

स्वाती उठायला गेली. आईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बस गं. आता त्याची पाळी हाय."