बारा बदकं आणि एक स्कॅनर

२ मार्च, रविवार. सकाळी ११.
आजपासून ही तांत्रिक नोंदवही. घरगुती कुरबुरी, तब्येत, मनातलं वगैरे इथे लिहायचं नाही. फक्त मुद्दे.
घरच्या कॉम्प्युटरवर जुनी सिस्टीम पुसून लिनक्स घातलं. फुकट, स्वच्छ, कुणाचं मिंधेपण नाही. एक तास चाळीस मिनिटांत काम फत्ते. प्रिंटर चालू. आवाज चालू. फक्त स्कॅनर चालू नाही. किरकोळ आहे. ड्रायव्हरचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रश्न. संध्याकाळपर्यंत होईल.
बायकोला आधी विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणजे विचारण्यात तसाही अर्थ नव्हता.

३ मार्च, सोमवार
संध्याकाळपर्यंत झालं नाही.
चहाच्या वेळी हिने विचारलं, स्कॅनर होईल ना? घर बदलल्यापासून तो कपाटावरच पडून होता. तिच्या चित्रांसाठी गेल्या आठवड्यात मीच काढून, पुसून ठेवला.
चित्रं बारा आहेत. पोहायला घाबरणाऱ्या बदकाची गोष्ट. सगळी पेन्सिलीत. दुपारची भांडी आवरली की जेवणाच्या टेबलावर बसायची, असे आठ महिने. पूर्वी पूल बांधणाऱ्यांच्या ऑफिसात अकरा वर्षं नकाशे काढायची. लेक झाली तेव्हा सोडलं. त्यानंतर पहिल्यांदाच कुणी तिच्याकडे चित्र मागितलंय. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका संपादक बाईंना नमुना हवाय, स्कॅन करून, मेलवर. मुदत १४ तारीख.
मी म्हटलं, अगं, तुझ्या चित्रांसाठीच तर नवी सिस्टीम घातली. हे खरं नाही. पण आता बोलून बसलोय तर खरं करून दाखवू.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.
निदान: कॉम्प्युटरला स्कॅनर दिसतो. नावसुद्धा बरोबर सांगतो. बटण दाबलं की आतून कर्रर्र असा दात खाल्ल्यासारखा आवाज येतो आणि 'उपकरणाशी संपर्कात अडचण' अशी पाटी येते. म्हणजे ड्रायव्हरच. शंकाच नाही.
इंटरनेटवर जाणकारांचा एक अड्डा आहे, तिथे दीड पान प्रश्न टाकला. 'जुना उंदीर' नावाच्या कुणा गृहस्थाचं एका ओळीत उत्तर आलं. स्कॅनरच्या खालच्या बाजूचं कुलूप उघडलंय का, म्हणे.
अशा लोकांमुळेच अड्डे बिघडतात. बावीस वर्षं कॉम्प्युटर वापरतोय, असं त्याला सभ्य भाषेत कळवलं.

६ मार्च, गुरुवार
ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून मिळतं, मी जाऊन येऊ का, दहा मिनिटांचं काम आहे.
मी म्हटलं, अजिबात नको. ते लोक कागदावर चहाचे कप ठेवतात. आठ महिन्यांची मेहनत आहे तुझी.
तिला ते पटलं. माझ्या चित्रांची किती काळजी करता, असं म्हणाली वर. जरा कसंतरी झालं.
खरी गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतरी हे कुणी वाचणार नाही. गेल्या महिन्यात त्या झेरॉक्सवाल्याला मी अर्धा तास लिनक्सवर व्याख्यान दिलं होतं. विकतच्या सिस्टीमचे गुलाम आहात, असंही म्हणालो. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती. आता कुठल्या तोंडाने जायचं? आणि ती गेली तर तो विचारणारच, साहेबांचं लिनक्स काय म्हणतंय.

८ मार्च, शनिवार
सकाळपासून बसलो. तीन वेगवेगळे ड्रायव्हर घातले. दोन काढले. तिसरा निघत नाही.
प्रगती: आता आवाजही येत नाही (कॉम्प्युटरचा, स्कॅनरचा कर्रर्र ठणठणीत आहे). प्रिंटर पानाच्या अर्ध्यातच थांबतो.
जेवायला तीनदा हाक मारली म्हणे. ऐकू आली नाही. ताट झाकून ठेवलेलं होतं.
संकल्प: उद्या दुपारी बारापर्यंत स्कॅनर चालू. नाहीतर परवा चित्रं मी स्वतः झेरॉक्सवाल्याकडे नेणार.

१० मार्च, सोमवार
नेली नाहीत. ऑफिसातून यायला उशीर झाला. फार नाही, पण झाला.
लेकीचा फोन. आईची चित्रं पाठवलीत का बाबा? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. तिने विचारलं, चित्रांवर? म्हटलं, नाही गं, ड्रायव्हरवर. पलीकडून फोन बंद झाला. लाइन खराब असावी.

११ मार्च, मंगळवार
ऑफिसात दिवस चांगला गेला. आमचं काम लिफ्ट तपासणीचं. एका दवाखान्याची लिफ्ट दोन दिवस बंद, त्यांनी मोटर बदलायला काढलेली. मी गेलो, तळमजल्याचं दार बघितलं. फटीत कुणाची तरी चप्पल अडकली होती. काढली, लिफ्ट चालू. सगळ्यांना तिथेच सुनावलं, आधी साधं बघावं, मग मोटरीला हात घालावा. लोकांना काही सांगायची सोय नाही.
संध्याकाळी ड्रायव्हर क्रमांक पाच. कर्रर्र.

१३ मार्च, गुरुवार
उद्या मुदत. हिने चित्रं एकेक करून पातळ कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवली. वर चिठ्ठी, क्रम बदलू नका. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१४ मार्च, शुक्रवार
अर्धी रजा टाकली. ही बाजारात गेली होती.
बारा चित्रं गॅलरीत स्टुलावर ठेवून मोबाइलने फोटो काढले. आजकालचे मोबाइल स्कॅनरपेक्षा सरस असतात, हे शास्त्र आहे. ऊन पाठीमागून छान येत होतं. कडा कापल्या, सरळ केले, फाइलींना 'स्कॅन १' ते 'स्कॅन १२' अशी नावं दिली आणि तिच्याच मेलवरून पाठवून दिले.
ती आली. म्हटलं, झालं. म्हणाली, स्कॅनर चालला? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे.

१५ मार्च, शनिवार
मान हलवणं बोलण्यापेक्षा वाईट.
हिने लेकीला फोन करून सांगितलं, बाबांनी बारा दिवस खपून केलं हो. मग बहिणीला. मग समोरच्या काकूंना. काकू आता त्यांचा स्कॅनर घेऊन येणार आहेत.
माझ्यासाठी नवा शर्ट आणलाय. बरोब्बर मापाचा. अजून घडी मोडलेली नाही.
संकल्प: होकार आला की हसत हसत सगळं सांगून टाकायचं. यश मिळाल्यावर कुणी मनाला लावून घेत नाही.

२४ मार्च, सोमवार
नकार आला.
बाईंनी चांगल्या शब्दांत लिहिलंय. रेषा सुरेख आहे, बदक गोड आहे. पण प्रत्येक चित्रात बदकाच्या डोक्यावर एक मोठी गोल काळी सावली रेंगाळते, पुढे काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. लहान मुलं घाबरतील. या पुस्तकाचं काम दुसऱ्या चित्रकाराला दिलंय.
हिने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, माझा हात जड झालाय, इतक्या वर्षांनी असं होणारच. आणि कणीक मळायला गेली.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी ६.
फाइली उघडून बघितल्या. सावली आहे. ऊन पाठीमागून येत होतं.
सहाव्या चित्रात तर दोन्ही कानही स्पष्ट दिसतात.
आज सांगायचं.

२५ मार्च, संध्याकाळ
सांगितलं नाही. ती सगळी चित्रं खिडकीशी धरून सावली शोधत होती. मला म्हणाली, मला कशी हो दिसत नाही? तुम्हाला दिसते का? मी म्हटलं, चष्मा ऑफिसात राहिला. चष्मा माझ्या नाकावर होता. तिने नाकाकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी ती त्या कागदांत गुंतली होती. चोरटेपणाची लाज कधी वाटली नव्हती एवढी वाटली.

२७ मार्च, गुरुवार
ती खोडतेय.
संध्याकाळी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर तिसरं चित्र, हातात खोडरबर. तळ्याकाठच्या झाडाखालची छटा पुसून काढत होती. म्हणाली, मला दिसत नसली तरी लोकांना दिसते ना, म्हणजे जड आहेच. त्या झाडाला तिला आठवडा लागला होता. मी समोर बसलो. सांगायचंच, असं ठरवून. म्हणालो, थोडा चहा घेतेस का? ती म्हणाली, नको, हे संपवते.
नंतर पाचवंही खोडलं.
नालायक माणूस आहे मी. हा तांत्रिक मुद्दा नाही, पण नोंद करतो.

२९ मार्च, शनिवार
ही बहिणीकडे गेलीय. स्कॅनर डोळ्यांसमोर नको म्हणून माळ्यावर टाकायला काढला. खोक्यात घालताना पालथा केला.
खाली एक सरकतं बटण, सामान हलवताना आतला दिवा धक्क्याने मोडू नये म्हणून दिलेलं. बाजूला कुलपाचं चित्र. बटण बंदच्या बाजूला. वर कागदी पट्टी, तिच्यावर घर बदलताना लिहिलेलं माझंच अक्षर: सामान लागल्यावर उघडायला विसरू नये.
बटण सरकवलं. जोडला. कर्रर्र नाही. झुं असा गोड आवाज करत आतला दिवा काचेखालून या टोकाचा त्या टोकाला गेला.
पहिल्या दिवसापासून लिनक्समध्ये काहीच खोट नव्हती. याचा आनंद व्हायला हवा होता.
बाराही चित्रं स्कॅन केली. दहा लख्ख. तिसऱ्यात आणि पाचव्यात झाडाच्या जागी पांढरा धब्बा.
मग संपादक बाईंना पत्र लिहिलं. सावली माझ्या डोक्याची आहे, चित्रकाराचा यात काडीचाही दोष नाही, दोन चित्रं तर या सावलीपायी तिने खोडली. खाली कुलपाविषयी दोन पानं. चांगले स्कॅन सोबत जोडले. आधीचा सगळा पत्रव्यवहार तिच्या मेलवर होता म्हणून तिथूनच पाठवलं आणि पाठवलेलं पत्र लगेच पुसून टाकलं. बाईंचा होकार आला की मगच हिला सांगायचं. तोवर अळीमिळी गुपचिळी.

३० मार्च, रविवार
अड्ड्यावर कळवलं की सहाव्या ड्रायव्हरने प्रश्न सुटला, सर्वांचे आभार. जुन्या उंदराने लगेच विचारलं, कुलूप होतं ना?
अड्ड्याचं पान बंद केलं.
ही सातवं चित्र घेऊन बसली. म्हटलं, आज राहू दे, डोळ्यांना विश्रांती दे. काळजी करतोय असं वाटून तिने ठेवून दिलं.

२ एप्रिल, बुधवार
बाईंचं उत्तर आलं. तिच्या मेलवर आलं. तिचा मेल तिच्या मोबाइलवर असतो. हे मला बावीस वर्षांच्या अनुभवानंतर सुचायला हवं होतं.
नाश्त्याच्या वेळी तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. आपल्या यजमानांचं सविस्तर पत्र मिळालं, फोटोंतली सावली त्यांच्या डोक्याची होती हे कळलं. या पुस्तकाचं काम देऊन झालंय, त्याला आता इलाज नाही. पुढच्या पुस्तकासाठी चित्रं जरूर बघू. ती दोन पुन्हा काढावीत. आणि शक्यतो पाठवताना तुम्ही स्वतः पाठवा.
वाचून झाल्यावर मोबाइल पालथा ठेवला. मी कुलपाचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. फोटोंबद्दल चकार शब्द काढला नाही, शर्टाबद्दलही नाही. एकच विचारलं, मी खोडत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?
मी समोरच बसलो होतो, असं सांगितलं. दुसरं काय सांगणार.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी १.
तीन दिवस बसून तिने ती दोन झाडं पुन्हा काढली. मला ती आधीपेक्षा चांगली वाटली. तसं म्हटलं. ती हं म्हणाली.
आज सकाळी चित्रं घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. सिस्टीम नवी आहे, दाखवू का, असं विचारलं. म्हणाली, बघते माझी मी. दार लावून घेतलं.
बाहेर स्टूल घेऊन बसलो. मनात म्हटलं, पाच मिनिटांत हाक येईल. फाइल कुठे जाते ते तिला कळणार नाही. मग आत जायचं, काही न बोलता दाखवायचं आणि माफी मागायची. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.
झुं असा आवाज आला. मग थोडा वेळ, मग पुन्हा. मी मोजत होतो. बारा वेळा आला. मध्ये एकदाही अडला नाही. मग टाइप केल्याचा आवाज, थोडाच, तिला दोन पानं लागत नाहीत. मग खुर्ची सरकली. ती बाहेर आली, पाठवलं म्हणाली आणि आंघोळीला गेली.
हाक आली नाही. मी अजून स्टुलावरच आहे.