मदतीला आणखी कोण?

प्रिय सेड्रिक,

हे पत्र तुला पाठवणार नाही. मुलानं आपणहून यावं; बोलावून आणलेला आईला नकोच आहे.

नऊ दिवस झाले, ती डरहमच्या हॉस्पिटलात आहे. मी रोज चर्चला जायचे ठेवणीतले कपडे करून, कानात मोती घालून जाते. काळ्या बाईचं डॉक्टरांनी ऐकावं असं वाटत असेल, तर तिनं टापटीप दिसावं आणि परक्यांपुढे रडू नये, ही आईचीच शिकवण.

काल नर्सनं फॉर्म दिला. रुग्णाच्या घरच्यांवर किती ताण आहे, शून्य ते दहा. शेजारच्या खाटेवरच्या आजींची गोरी मुलगी कॅरल रडत रडत सगळीकडे दहा लिहीत सुटली. मी सगळीकडे शून्य लिहिलं. शेवटी विचारलं होतं, मदतीला आणखी कोण? मी लिहिलं, 'धाकटा भाऊ, रोज येतो.'

आज त्या फॉर्मवरून कॅरलला मदतनीस बाई मिळाली. नर्स आईच्या खाटेशीच मला म्हणाली, "तुम्हाला कशाला हवी? किती छान सांभाळता! शिवाय भाऊ रोज येतो."

मी हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून, तोंडात टॉवेल कोंबून ओरडले आणि लिपस्टिक लावून परत आले.

आई माझी वाटच बघत होती. "व्हर्लीन, सेड्रिक रोज येतो?"

"येतो ना. तू झोपलेली असतेस तेव्हा."

तेव्हापासून ती झोपायला तयार नाही.

तुझी थोरली बहीण,
व्हर्लीन