सातवी वही

रामवाडी, पेण
दि. ९ जून २०२५

ती. वत्सलामावशीस,
ऋजुताचा शि. सा. न.

फोन सोडून पत्र का आलं म्हणून चष्मा सापडायच्या आधीच तू घाबरशील, तर पहिल्यांदा सांगते, इथे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा तेवढा जिना दिसला की कुरकुरतो. आई म्हणते, तुझे डिंकाचे लाडू हाच त्यावर उतारा, पण ती पडली तुझी बहीण. फोनवर तू मला दोन वाक्यांत हसवतेस आणि ज्यासाठी फोन केलेला असतो ते राहून जातं. या वेळी ते राहायला नको आहे.

कारखान्यातून परदेशचे गणपती गेले, आता मुंबईचे सुरू. दीडशे मूर्ती आखणीला थांबल्यात आणि डोळे आखणारी मी एकटी. कामाला येणारी हौसा शेजारी बसून सोंडांवर ओलं फडकं फिरवते आणि म्हणते की ताय, तुझा हात हतं हाय पन ध्यान हतं नाय. बरोबर आहे तिचं. पंधरा दिवस माझं ध्यान किनुएकडे आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा ओळीने मांडून बघायचंय. मी तेरा वर्षांची होते, इंग्रजीच्या नावाने बोंब होती, तेव्हा तू ती जपानी चित्रकथा, ती मांगा, इंग्रजीवरून मला मराठीत लिहून द्यायला लागलीस. एका भागाची एक वही, आणि बटरपेपरवर गिरवून चिकटवलेली चित्रं. खाडीच्या बांधावर राहणारी किनुए, भरतीला उघाडीचं, पाणी अडवायचं दार लावणारी, ओहोटीला उघडणारी, आणि मधल्या वेळात नकाशे काढणारी. सहाव्या वहीच्या शेवटी ती शहरातल्या नकाशाच्या कचेरीत कामाला जायचं तिकीट काढते. सातव्या वहीत गाडीत बसते, पुढच्याच स्थानकावर उतरते, फलाटावर ओळखीचं कोणी नसतं, एक अनोळखी बाई तिची पेटी उचलून देते आणि ती बांधावर परत येते. ही वही मी इतकी वाचली की शिवण सुटली.

आता आपल्या मूर्तींची वेबसाइट बघतो तो प्रणित निघाला किनुएचा भक्त. त्याच्याकडे बसून सगळे अवतार बघितले. जुना अ‍ॅनिमे कार्टून मालिका म्हणून टीव्हीवर आला तेव्हा मांगा पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे त्यांनी वादळात तिला बांधावर उभं केलं, गाणं लावलं आणि हात झटकले. डोळे बशीएवढे, प्रत्येकात तीन पांढरे ठिपके. असे डोळे मी गणपतीला काढले तर गिऱ्हाईक मूर्ती परत आणून देईल. मग तो खऱ्या माणसांचा चित्रपट. त्यात तिला एक भयंकर विग घातलाय आणि शेवटी स्टेशनमास्तरच्या मुलाशी लग्न लावून दिलंय. आम्ही पोट धरून हसलो. मग यंदाचा नवा अ‍ॅनिमे. तो पानापानाशी इमानदार. डोळे लहान, काळे, आणि नजर नेमकी जिथे हवी तिथे. पण त्यात ती पुढच्या स्थानकावर उतरत नाही. शहरात पोचते, खोली घेते, कामाला लागते. मला वाटलं यांनीही बदललं. तावातावाने प्रणितशी भांडले. त्याने इंग्रजी सातवा भाग माझ्यापुढे ठेवला.

त्यातही ती जाते, मावशी. परत येतच नाही. उतरते ती फक्त तुझ्या वहीत.

जुन्या अ‍ॅनिमेवाल्यांनी बदललं, चित्रपटवाल्यांनी बदललं, ते परके होते. तू परकी नाहीस. असं का केलंस ते कळव.

लाडवांची वाट न बघता उत्तराची वाट बघणारी,
तुझी ऋजुता

*

रोहा
दि. १४ जून २०२५

चि. ऋजुतास,
वत्सलामावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लाल पेन हातात घेतलं होतं, पण तुझा राग बघून खाली ठेवलं. अक्षर मात्र अजून तसंच, उतारावरून धावल्यासारखं.

अगं, एवढं काय त्यात? एकच आख्यान दहा कीर्तनकार दहा तऱ्हांनी सांगतात, म्हणून कोणी ताटलीत टाकलेले पैसे परत मागतं का? त्या चित्रपटवाल्यांनी बिचारीला बोहल्यावर चढवलं तेव्हा तू हसलीस, आणि मी तिला नुसतं घरी आणलं तर मी गुन्हेगार. भाषांतर करणाऱ्याचा हात थोडा इकडेतिकडे व्हायचाच. तू तेव्हा लहान होतीस. मुलांच्या गोष्टीचा शेवट गोड करायची पद्धत आहे आपल्याकडे.

माझ्याकडचा सातवा भाग एका विद्यार्थ्याने नेला तो परत आलाच नाही, नाहीतर कुठे काय बदललं ते दाखवलं असतं. आता इतक्या वर्षांनी मला तरी कुठे आठवतंय.

इथे कुंडलिकेला पाणी वाढलंय. माझं संध्याकाळचं फिरणं बंद, म्हणून डिंकाचे लाडू वळायला घेतले. बाबांना म्हणावं जिना कमी चढा. दीडशे मूर्तींचे डोळे करता करता स्वतःच्या डोळ्यांना जप, आणि रागावलीस तरी रविवारी येत जा.

तुझ्यावर जीव टाकणारी,
वत्सलामावशी

*

रामवाडी, पेण
दि. २० जून २०२५

श्रीमती वत्सलाबाई यांस,
सा. न. वि. वि.

पूर्ण पत्रात अहोजाहो करायचं ठरवलं होतं. मायना लिहून झाला, पुढे जमेना. पण मायना खोडत नाही, तो तसाच वाच.

मी लहान नव्हते. सातवी वही तू जून २०१६ मध्ये आणून दिलीस, मी अठरा वर्षांची होते. बारावी झाली होती, पुण्याला अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, गादीची वळकटीसुद्धा बांधून झाली होती. रविवारी तू वही दिलीस. मंगळवारी मी बाबांना सांगितलं की मी जात नाही, कारखान्यात बसते. सगळ्यांना वाटलं पोरीला बापाची दया आली. मला किनुए परत आली एवढंच दिसत होतं. जिच्यामागे मी पाच वर्षं चालत होते तिनेच तोंड फिरवलं, तर मी कोण मोठी लागून गेले. हे मी फक्त तुलाच सांगितलं होतं, आपल्या मागच्या पडवीत. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि काही बोलली नाहीस. आईने पेढे वाटले. तूही घेतलास आणि खाल्लास.

आणि तो विद्यार्थी. काल मी सातही वह्या कारखान्यात घेऊन बसले. किनुएच्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे. सहा वह्यांत डावीकडे, दोन्ही अ‍ॅनिमेत डावीकडे, त्या विगवाल्या नटीलाही डावीकडेच चिकटवलाय. सातव्या वहीत एकच चित्र आहे, बाकी हात दुखतोय म्हणून काढली नाहीत असं तू म्हणाली होतीस. त्या चित्रात तीळ उजवीकडे आहे. तिसऱ्या वहीतलं बांधावरचं चित्र उलटं करून उजेडात त्यावर धरलं. रेघेला रेघ जुळली. नऊ वर्षं मी डोळे आखतेय, ज्याची त्याची नजर मला कळते, आणि हे एक चित्र मी नऊ वर्षं नीट बघितलं नाही, कारण ते तू दिलेलं होतं.

सातवा भाग तुझ्याकडे असता तर तिसऱ्यातलं चित्र उलटं करून लावावं लागलं असतं का? तू शेवट बदलला नाहीस, तू तो वाचलाच नव्हतास. आणि परवाच्या पत्रातही मला पुन्हा फसवायला बसलीस. परक्याने गळा कापला तर माणूस ओरडतो तरी. तू केसाने कापलास.

रविवारी येणार नाही. लाडू पाठवू नकोस.

ऋजुता

*

रोहा
दि. २८ जून २०२५

चि. ऋजुतास,
आशीर्वाद लिहिते, घ्यायचे की नाहीत ते तू ठरव.

खरं आहे तुझं. सातवा भाग माझ्याकडे कधीच नव्हता. ध्रुव म्हणून माझा जुना विद्यार्थी सिंगापूरहून एकेक भाग पाठवायचा. सहाव्यानंतर त्याचं पाठवणं बंद झालं. दोनदा मेल केली, उत्तर नाही. तू दर रविवारी दारातूनच विचारायचीस, वही झाली का. मला माहीत नाही असं मी तोवर तीस वर्षांत कुठल्या वर्गापुढे म्हटलं नव्हतं. तुझ्यापुढे कसं म्हणू? वाटलं, सहा भाग वाचलेत, सातवा आपणच लिहू, कोणाला कळतंय.

लिहायला बसले ती तिला शहरात पोचवायच्याच इराद्याने. तिकीट तिने काढलं होतं, तिला परत आणायचं माझ्या मनातही नव्हतं. गाडीत बसवलं. खिडकी दिली. पुढे हात चालेना. ती उतरल्यावर कुणाला पत्ता विचारते, खोलीत सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करते, मला काही म्हणजे काही दिसेना.

हे तुझ्या आईलाही माहीत नाही. १९८८ साली दादरच्या एका प्रकाशकाकडे मला भाषांतराची नोकरी लागली होती. दोन दिवसांसाठी जाते असं घरी सांगितलं आणि पेटी घेऊन रोह्याला गाडीत बसले. पुढचं स्टेशन निडी. तिथे उतरले. कोणी अडवलं नव्हतं, कोणी बोलावलंही नव्हतं. फलाटावर पेटीवर बसून राहिले. वाडीवरची एक बाई मोळी घेऊन चालली होती, मालू तिचं नाव. तिने विचारलं की बाय गो, कोनाकडं आलीस? मला सांगता येईना. तिने मोळी तिथेच टाकली, माझी पेटी डोक्यावर घेतली आणि मला रोह्याच्या रस्त्याला लावून दिलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजर होते.

मला निडीपर्यंतच लिहिता येत होतं, ऋजुता. म्हणून मी किनुएला तिथे उतरवलं.

आणि पेढा. तू पडवीत मला सांगितलंस तेव्हा एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. वळकटी अजून बांधलेलीच होती. मी गप्प बसले. पेढा गोड लागला, हेही आता लिहून टाकते. तू राहिलीस म्हणून मला आनंद झाला. वाटलं, चला, उतरलेली मी एकटीच नाही. यापेक्षा वाईट माझ्यात दुसरं काही नाही, आणि ते तुला दिसलं.

क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही. एकच मागते. तिचं पुढे काय झालं ते मला कधी कळलंच नाही. तू वाचलंयस. मराठीत लिहून पाठवशील का?

वत्सला

*

रामवाडी, पेण
दि. ९ जुलै २०२५

ती. मावशीस,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. गौरींचे मुखवटेही आलेत रंगवायला, आणि हौसाची सून बाळंत झाली म्हणून ती चार दिवस नव्हती.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ कुंचले धूत बसले. मग म्हणाले की पुण्याला आताही घेत असतील तर जा, मी हौसाला डोळे शिकवतो. प्रणितने चौकशी केली. सत्ताविसाव्या वर्षीही घेतात. फॉर्म टेबलावर पडलाय आणि मी तो भरत नाही. मला आखणी आवडते, मावशी. पापणीची शेवटची रेघ ओढली की मूर्ती माझ्याकडे बघते, त्या क्षणासाठी मी दिवसभर पाटावर पाय मुडपून बसते. पण हे आवडणं माझं आहे की तुझ्या वहीने लावलेलं, ते मला आता कळायला मार्ग नाही. खोटं बोललीस त्याचा राग जाईल. याचा जायचा नाही. दुसरं काहीही घेतलं असतंस तर परत मागता आलं असतं.

तू मागितलंस म्हणून सातवा भाग लिहायला बसले होते. तुझ्यासाठी नव्हे, वही एकदा खरी व्हावी म्हणून. दोनशे पेजी वही आणली. माझं काम तुझ्याहून सोपं होतं. सगळं समोर छापलेलं, चित्रं काढलेली, मनाने रचायचं काहीच नव्हतं. इंग्रजीही आता येतं. ती गाडीत बसते तिथपर्यंत दोन दिवसांत झालं. पुढे खोलीतली पहिली सकाळ आहे, चारच पानं, शब्दही थोडे. ती उठते, खिडकी उघडते, तिला ओळखणारं कोणी नाही. पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा फाडलं. एकेका शब्दाचा अर्थ कळत होता, पण एकटीने परक्या गावात उठून खिडकी उघडणं कसं असतं ते मला ठाऊकच नाही. मी तशी कधी उठलेच नाही.

तेव्हा इंग्रजी पुस्तकच रजिस्टरने पाठवतेय. प्रणितचं आहे, डाग पाडू नकोस. माझी वही इथेच ठेवलीय, ती गाडीत बसते त्या पानावर.

पोचल्याचं कळव. लोभ आहे तेवढाच असू दे, वाढवायचं मी अजून ठरवलेलं नाही.

ऋजुता