सेनगावच्या वळणावरचा डिपर

प्रिय प्रतिक्षा,

कालच्या तुझ्या फोनपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसलो. पुढच्या आठवड्यात पुण्यात साहेबांसमोर तुझं काम मांडायचं आहे आणि त्यात सुरुवातीलाच माझ्या एसटीचा अपघात घेतलाय म्हणालीस.

दिवाळीत तू लॅपटॉपवर तुझं ते बसगाड्यांचं शहर दाखवलंस. खरं काहीच नाही, सगळं कॉम्प्युटरात मांडलेलं. रस्त्यातलं यंत्र पुढच्या बसला खबर देतं, ती मागच्या बसला देते. तुझी आई म्हणाली, एवढं तर तुझे अप्पा हातानं करायचे. खोटं नाही ते. समोरच्या ड्रायव्हरनं हेडलाइटचा डिपर दोनदा देऊन हात खाली दाबला की पुढं रस्त्यावर कुणी सोयाबीन वाळू घातलंय, हे बराबर कळायचं. असे सगळे इशारे तू लिहून घेतलेस, मला लई बरं वाटलं.

मग तू अकरा वर्षांमागचा तो अपघात विचारलास. सेनगावच्या वळणावर सोयाबीन होतं, गाडी घसरून नालीत गेली, कंडक्टर जळबाचा हात कायमचा अधू झाला. समोरून आमच्याच डेपोतल्या भावसिंगची गाडी येऊन गेली होती, पण त्यानं इशारा दिला नाही, असं मी चौकशीत सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. त्यानंतर डेपोत कुणी भावसिंगसोबत डबा खाईना.

काल तू खुशीत म्हणालीस, "अप्पा, इशारा मिळाला की माझ्या शहरात तुमची गाडी शंभरातून शंभर वेळा थांबते." मी बरं म्हणून फोन ठेवला.

बाई, भावसिंगनं इशारा दिला होता. दोनदा डिपर, खाली दाबलेला हात, सगळं. वसमतची ड्युटी कुणाला, यावरून आमचा तीन महिने अबोला होता. मला वाटलं, बोलणं काढायला बहाणा करून राहिला. मी मान फिरवली आणि गाडी दामटली. लाज वाटते मला. तो अपघात तुझ्या कामातून काढून टाकू नकोस. इशारा मिळाला होता, ड्रायव्हरनं मानला नाही, असं लिही, आणि माझं नाव तसंच ठेव. तुझ्या शहरात अशीही एक गाडी सोडून बघ. सकाळी जळबाला सांगून आलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आता भावसिंगच्या तांड्यावर निघालोय.

तुझाच,
अप्पा