मोहनच्या आवाजात

५ जुलै, शनि.
आमच्या गाण्याच्या ग्रुपची प्रॅक्टिस मोहनकडे, बिशानला. वरच्या स्वरावर त्याचा आवाज पुन्हा फाटला. सतीश म्हणाला, "मोहनदा, सर्व्हिसिंग करून घ्या आता." सगळे हसले, मोहनसुद्धा. मला नाही हसू आलं. जहाजाच्या इंजिनरूममध्ये अर्धं आयुष्य गेलंय. असा खरखराट आला की आम्ही आधी मशीन बंद करतो, मग उघडून बघतो. ज्योतीला बाजूला घेऊन सांगितलं, नवऱ्याला डॉक्टरकडे ने, तो स्वतः जाणार नाही.

११ जुलै, शुक्र.
कॅन्सर. स्वरयंत्रच. पूर्ण काढावं लागणार, श्वास पुढे गळ्याच्या भोकातून. ज्योतीने फोनवर हे सगळं किराण्याची यादी सांगावी तसं सांगितलं. "बरं" म्हणालो. बरं काय, कपाळ.

१२ जुलै, शनि.
मोहनशिवाय जमलो, माझ्याकडे यिशुनला. गायलो नाही. इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आपण घेतलाय, त्याचं काय, हा सतीशचा प्रश्न. म्हणे लीड, मुख्य गाणारा, दुसरा बघू. वर माझंच मला ऐकवलं. "श्रीकांतदा, तुम्हीच सांगता ना, त्या चौघांनीही माणसं बदलली!"

सांगतो खरा. बाल्टिमोर बंदरात त्या अमेरिकन चौकडीची कॅसेट घेतल्यापासून त्यांचं सगळं पाठ आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर गाणारी चार पोरं. गाणी गाजली, एक सैन्यात गेला, एक मोटारीखाली मेला, उरलेले नावावरून कोर्टात भांडले. आता क्रूझवर त्याच नावाने चार परकी माणसं गातात. आणि तो लाडका किस्सा: लीडचा घसा गेला तेव्हा अख्खा सीझन खालच्या आवाजाचा बॅरिटोन त्याच्या जागी गायला, रेडिओवर कुणाला पत्ता लागला नाही.

सतीशला म्हटलं, दुधाची तहान ताकावर भागवायची तर तू भागव. फार चढ्या आवाजात बोललो. नंतर अलका, माझी बायको, माझ्यावर चिडली.

१५ जुलै, मंगळ.
मोहनचं ऑफिस आंग मो किओला. जेवायच्या सुट्टीत तिथल्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांत, बोलावलं. स्वतः काही खाल्लं नाही, मला खायला लावलं.

"आईला सांगायचं नाही," म्हणाला. साताऱ्याला असते, शहाऐंशीची. डोळे गेलेत, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्नच नाही. हा एकुलता. बाबा गेल्यापासून तिचा आठवडा याच्या रविवारच्या फोनवर चालतो.

"मग फोनवर काय करशील?"

"तू बोल. मी म्हणून."

मी घास तसाच ठेवला. तो म्हणाला, "चौदा वर्षं माझ्या आवाजाखाली चिकटून गातोयस, श्री. मी 'आ' कसा लावतो, श्वास कुठे घेतो, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रेडिओवर कुणाला कळलं नव्हतं ना?"

हे खरं आहे. बॅरिटोनचं कामच ते, लीडमध्ये मिसळून जायचं, वेगळं ऐकू यायचं नाही. पण आई म्हणजे रेडिओ ऐकणारी बाई नव्हे. हे तोंडाशी आलं होतं. त्याच्याकडे बघून गिळलं. हो म्हणालो.

२० जुलै, रवि.
साताऱ्याचा फोन शेजारी बसून ऐकला. सुरुवात नेहमी "काय गं आई, जेवलीस का?" 'जेवलीस' जरा लांबवतो. ती सांभाळणाऱ्या शांताबाईंच्या तक्रारी करते, हा "चालायचंच" म्हणतो. मध्येच नाकातून हसतो. सगळं टिपून घेतलं.

तिनं विचारलं, "घसा बसलाय का रे? हळद-दूध घे." "घेतो," म्हणाला. फोन ठेवल्यावर न्हाणीघरात गेला, बराच वेळ आला नाही.

त्याची लेक तन्वी दारात उभी होती. इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, डोन्ट डू धिस लाह. प्लीज."

२४ जुलै, गुरु.
ऑपरेशन झालं. आत नेताना मोहन ज्योतीला म्हणाला, "माझा चष्मा तुझ्याकडे ठेव." बस, एवढंच. ज्योती दिवसभर तो चष्मा मुठीत धरून बसली होती. शेवटचं म्हणून काहीतरी बरं बोलायला नको होतं का माणसानं? पण मी तरी काय बोललो असतो?

२७ जुलै, रवि.
फोन केला, घरून. "काय गं आई, जेवलीस का?" ती नेहमीसारखी बोलली. गुडघा, शांताबाई, शेजाऱ्यांचं कुत्रं. "घसा सुधारलाय हो तुझा," म्हणाली. शेवटी, "सुखी राहा, बाळा."

मोहनला मेसेज केला: जमलं. त्याने अंगठा पाठवला.

माझी आई मी समुद्रावर असताना गेली. तिनं मला शेवटचा काय आशीर्वाद दिला, आठवत नाही. आज दुसऱ्याचा चोरून घेतला. अलका म्हणाली, "हे पाप आहे." भांडलो नाही.

३ ऑग., रवि.
पुन्हा जमलं. ती जरा कमी बोलली. थकली असेल.

मोहन पाटीवर लिहून बोलतो. नंतर गळ्याला लावायचं मशीन मिळेल म्हणे, त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. ते आईसमोर कधीच नाही, असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

१० ऑग., रवि.
मोहन घरी आलाय. आज त्याच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. त्यालाच ऐकायचं होतं.

कुत्रं झालं, शांताबाई झाल्या. मी "चालायचंच" म्हणालो. नाकातून हसलो. मोहनने मान डोलावली, छान जमलंय.

मग ती थांबली. म्हणाली, "तुझं नाव काय रे, बाळा?"

मोहनची मान डोलवायची थांबली.

"तू फार चांगलं बोलतोस. मागच्या दोन रविवारी मी काही म्हटलं नाही, तुला वाईट वाटलं असतं." आवाज अगदी शांत. "मोहन आहे का? एवढंच सांग."

मोहन जोरजोरात मान हलवत होता, नाही म्हण. डोळे भरलेले. ज्योतीने त्याचा हात धरला, तो त्याने झिडकारला.

मी म्हणालो, "आहे, आई. समोर बसलाय." माझ्याच आवाजात. "बोलता येत नाही त्याला."

पलीकडून रडणं आलं नाही. "मग फोन त्याच्याजवळ धर. नुसता श्वास ऐकते."

मोहनने दोन्ही हातांनी गळ्याचं भोक झाकलं. श्वास कोंडला, खोकला आला, तरी हात काढेना. तो श्वास आता कसा वाजतो, ते तिला ऐकवायचं नव्हतं त्याला.

मी फोन त्याच्या आणि माझ्या मध्ये टेबलावर ठेवला.

"घाई नाही," आई म्हणाली. "मी आहे इथंच."