वरच्या खोलीतल्या यासुनोरीने घर सोडण्याबाबत

मी, मुराकोशी किनुए, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा केशकर्तन, राहणार साकाता, जुन्या तांदूळ वखारींच्या मागची गल्ली, आज सोमवारी दुकान बंद ठेवून, ताळ्यावर असलेल्या डोक्याने हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही. मुलगी मितसुयो गेली दहा वर्षे लिही म्हणून मागे लागली आहे, पण तिच्या सांगण्यावरून मी कधी काही केलेले नाही, हे तीच सांगेल. सगळे स्वतःच्या हाताने लिहायचा नियम आहे, म्हणून खाडाखोड दिसेल. जिथे खोडले आहे तिथे शिक्का मारला आहे.

एक. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये तेरा पायऱ्यांचा जिना, एवढी माझी वास्तू. ती मी मितसुयोला देते. मुलगा यासुनोरी, वय चोपन्न, याला घर देत नाही. त्यात राहण्याचा हक्कही देत नाही. मी गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी माझ्या अस्थी यजमानांच्या शेजारी ठेवल्या, की त्याच दिवशी त्याने घर सोडावे. पुढे मितसुयोने घर पाडावे की विकावे, तिचे ती बघेल.

हे वाचून लोक म्हणतील, आई की वैरीण. म्हणोत. यासुनोरी तेवीस वर्षे वरच्या खोलीत आहे. दार आतून लावलेले असते. मी दोन वेळा ताट दाराशी ठेवते, तासाभराने रिकामे ताट बाहेर येते. हवे असेल तर आतून एकदा टकटक, नको असेल तर दोनदा. एवढेच आमचे बोलणे.

दोन. पोस्टातली सगळी ठेव यासुनोरीची. मितसुयोने तोंड वाकडे करू नये, तिला घर मिळाले आहे.

तीन. देवघर आणि त्यातली दिवंगत यजमान एइझो यांची नामपट्टी मितसुयोने नागोयाला आपल्या घरी न्यावी. रोज सकाळी पहिला भात त्यांना दाखवावा. जावयाला अगरबत्तीने शिंका येतात म्हणे, येऊ देत.

जावयाचा विषय निघालाच आहे तर तेही लिहून ठेवते. सहा वर्षांपूर्वी त्याने, घरात बसून राहिलेल्यांना बाहेर काढून देतो म्हणणारी दोन माणसे धाडली. मीही हो म्हणाले होते, ते लपवत नाही. पण ती माणसे बूट न काढता जिना चढली. माझ्या जिन्यावर, बूट घालून! मी केरसुणी घेऊन मागे धावले.

"बाई, तुम्हीच बोलावलंत ना आम्हाला?" त्यातला एकजण म्हणाला.

"मीच बोलावलं. आता मीच हाकलते. चला, उतरा खाली!"

मितसुयोला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली, "आई, त्याला कोणी कोंडलेलं नाही. तूच त्याला लोणच्यासारखं मुरवत ठेवलंयस." तीन महिने मी तिच्याशी बोलले नाही. खरे बोललेले झोंबते, ते असे.

मग मी माझी युक्ती केली. ताट दर महिन्याला एक पायरी खाली ठेवायचे. त्याला भूक लागेल, तो एक पायरी उतरेल, कधीतरी खाली पोचेल. बारा महिने अगदी ठरल्याप्रमाणे चालले. रोज ताट रिकामे असायचे आणि मी मनात पायऱ्या मोजायचे. तेराव्या महिन्यात ताट दुकानाच्या फरशीवर ठेवले. पहिल्या दिवशी ते तसेच राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मिसो सूपवर साय धरली. चौथ्या दिवशी मीच ताजे ताट घेऊन तेरा पायऱ्या चढले आणि दाराशी ठेवले. तो उपाशी राहून जिंकला आणि मी खाऊ घालून हरले.

चार. तांदळाच्या कोंड्यातल्या लोणच्याचे मडके शेजारच्या तोफूवाल्या हिराइवाबाईंना. त्यात रोज हात घालून तळापासून ढवळावे लागते, एक दिवस चुकला तरी वास मारतो. हे मडके माझ्या सासूचे आहे आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा त्याने माझे जास्त ऐकले आहे.

हिराइवाबाईंना आणखी एक विनंती. एकोणपन्नास दिवस यासुनोरीला ताट द्यावे. पन्नासाव्या दिवसापासून देऊ नये. तुम्हाला दया येईल. येऊ द्या, पण ताट नेऊ नका. माझी चूक तुम्ही पुढे चालवू नका.

पाच. दारावरचा, न्हाव्याच्या दुकानाची खूण असलेला लाल-निळा-पांढरा फिरता खांब माझ्या प्रेतयात्रेच्या दिवशी बंद करावा आणि पुन्हा लावू नये.

सहा. माझ्या तिन्ही कात्र्या, दोन वस्तरे, धार लावायचा चामडी पट्टा आणि शिसवी फणी यासुनोरीला. हे वाचून मितसुयो हसेल. तिने हसू नये. तो परवानाधारक न्हावी आहे. पाच वर्षे माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्याने काम केले आहे. आणि त्याचा हात अजून गेलेला नाही, हे मला पुराव्यानिशी माहीत आहे. दर दोन महिन्यांनी रिकाम्या ताटात वर्तमानपत्राची पुडी येते. तिच्यात त्याचे स्वतः कापलेले केस असतात. एवढ्याशा आरशात, स्वतःच्या मानेवरचे, तरी एकही टोक चावल्यासारखे नाही. आताशा त्यात पांढरे जास्त असतात. त्या पुड्या मी टाकलेल्या नाहीत. गल्ल्याखालच्या खणात आहेत, त्या माझ्याबरोबर जाळाव्यात.

सात. दुकानातली मधली खुर्ची भंगारात द्यावी, कोणालाही देऊ नये. कारण सांगते. या वसंतात मी आजारी होते. एका सोमवारी दुपारी औषध घेऊन त्या खुर्चीत पडले होते. जिना करकरला. मी डोळे मिटूनच राहिले. मागे कोणीतरी येऊन उभे राहिले, गळ्याभोवती कापड बांधले, गाठ किती सैल ठेवायची ते बोटांना ठाऊक असल्यासारखे. फणी फिरली.

"मागे किती ठेवू?"

ती बूटवाली माणसे येऊन गेल्यानंतर, सहा वर्षांत ऐकलेला त्याचा पहिला आवाज. म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता. डोळे उघडले असते तर समोर आरशात तो दिसला असता. विचारता आले असते, सांगता आले असते. मी म्हणाले, "नेहमीसारखेच."

त्याने नेहमीसारखेच कापले, मान पुसली, केस झाडून घेतले आणि वर गेला. त्या खुर्चीकडे बघवत नाही.

आठ. नदीपलीकडे ओगाता पोस्टमास्तरांच्या पुतणीचा वृद्धाश्रम आहे. तिथे केस कापायला माणूस हवा आहे, मागे एक खोली आहे, दार बागेत उघडते. तिथली माणसे फार प्रश्न विचारत नाहीत आणि विचारलेले विसरून जातात. पुतणीने होकार दिला आहे. खोलीची किल्ली या कागदाला बांधली आहे. ही यासुनोरीची.

नऊ. हे मालमत्तेत मोडते की नाही, मला कळत नाही, पण माझ्याकडचे सगळ्यात जुने देणे हेच आहे. यजमान गेले त्याच्या पुढच्या वसंतात सेंदाईच्या एका दुकानाने यासुनोरीला बोलावले. तो सत्तावीस वर्षांचा होता. बॅग भरून, बूट घालून दारात उभा होता.

मी म्हणाले, "जा ना, जा. मी आहे, तुझ्या बापाचं देवघर आहे, ती रिकामी खुर्ची आहे. बघू आम्ही आमचं."

त्याने बॅग खाली ठेवली. "राहू का मग?"

"राहा."

"किती दिवस?"

"मी आहे तोवर राहा."

त्याने बूट काढले. आणखी चार वर्षे खाली काम केले, मग एका सकाळी तो खाली आला नाही. सगळे म्हणतात, तो कोणाचेच ऐकत नाही. त्याने माझे ऐकले आहे, एवढेच मला ठाऊक आहे.

हे जिवंतपणी सांगायला हवे, कागदावर नव्हे, हेही समजते. आज सकाळी त्यासाठी जिना चढले. दाराशी उभी राहिले. तोंडातून निघाले, "संध्याकाळी माशाबरोबर मुळा किसून देऊ का?" आतून एक टकटक झाली. खाली आले आणि हे लिहायला बसले.

म्हणून लिहून देते. यासुनोरी, राहा म्हणाले होते ते मी मागे घेते. मी आहे तोवर म्हटले होते, आता मी नाही. पायात बूट घाल. कात्र्या घे. जा.

लिहून देणार: मुराकोशी किनुए (सही, शिक्का)

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत म्हणे. मला लागतात.

साक्षीदार: हिराइवा नाओ, तोफू विक्री. (ताटाबद्दल कबूल. रडले, म्हणून शिक्का तिरका आला.)
साक्षीदार: ओगाता शुनसाकु, निवृत्त पोस्टमास्तर.

स्थळ: साकाता, दुकानात, मधली खुर्ची सोडून बाजूच्या बाकावर.
रेइवा ७ (इ. स. २०२५), नोव्हेंबर १७, सोमवार.